बेडकीचा थर्मोस्टॅट

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आष्टीहून वर्ध्याच्या दवाखान्यात जाताना आमची गाडी खरांगण्याच्या अलीकडे उकळली. मे महिना. जवळ एकच बाभूळ, तिची सावलीही विरळ. ह्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. बोनेटमधून वाफ निघत होती आणि हे बाभळीखाली घामाने निथळत बसले होते, ओठ राखेच्या रंगाचे. एका ट्रकवाल्याने पाणी दिलं म्हणून आम्ही पोचलो. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यांना परत असं उन्हात बसवू नका. दुसऱ्यांदा निभावेलच असं नाही."

लगीनसराई होती. गावातल्या जीपा वऱ्हाडात अडकलेल्या. एसटीच्या गर्दीत ह्यांना नेणं शक्य नव्हतं. उरली ती गाडीच: इंग्रजी बनावटीची, कापडी छताची, जुनी स्पोर्ट्स कार. ह्यांनी कापसाच्या एका जिनिंगवाल्याकडून हौसेने घेतलेली. बोनेटवर बटबटीत डोळ्यांसारखे दोन दिवे, म्हणून गाव तिला बेडकी म्हणे. सीट दोनच. चालवणारी मी, शेजारी हे. वाटेत काही झालं तर हाताशी तिसरं माणूस नाही.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी पहिल्यांदाच नीट वाचलं. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट उघडतो, पाण्याला थंड व्हायला रेडिएटरकडे सोडतो आणि रेडिएटर टाळून इंजिनात परतणारी जवळची आडवाट बंद करतो. आमच्या गाडीत तो नव्हताच. उन्हाचा मुलूख म्हणून आमच्याकडे सगळेच तो काढून टाकत. त्यामुळे आडवाट कायम उघडी, आणि अर्धं पाणी थंड न होताच इंजिनात परत.

मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला. "बाई, इथं दगड तापून राह्यले अन् तुमाले पाणी अडवाची डबी लावाची हाय? मी नाई लावत. रस्त्यात सरांले काई झालं तं माह्या नावानं बोंब होईन."

मग मीच लावायचं ठरवलं. नागपूरहून भाच्याकरवी दोन थर्मोस्टॅट मागवले. मी कुठलीही वस्तू दोन मागवते. हे शिकवत त्या शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला, जुन्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि पहिला थर्मोस्टॅट दोऱ्याने आत सोडला. पाणी खळाखळा उकळलं, तो मिटलेलाच. न तपासता हाच बसवला असता तर?

दुसरा उघडला. थंड केला, पुन्हा उकळला. पुन्हा उघडला. तरी मी पातेलं उतरवेना.

"अगं, त्याचा काढा करते काय?" हे बाजेवरून म्हणाले.

"तुम्ही पडून राहा."

"मी पडलोच आहे. तू काऊन एवढी घाबरून राह्यली?"

मी थर्मोस्टॅट तिसऱ्यांदा पाण्यात सोडला.

रेडिएटरचं पाणी काढलं, इंजिनावरच्या झाकणाचे नट सोडवले, सांध्यातलं जुनं गॅस्केट पात्याने खरवडलं आणि जाड पुठ्ठ्याचं नवं कापलं. थर्मोस्टॅट आत बसवला. नट आवळताना हे ओरडले, "पुरे! तुटेल तो!" ते उठून बसले होते. मी पाना टाकून आधी त्यांना आडवं केलं.

सोमवारी पहाटे निघालो. मागच्या जागेत पाण्याचे दोन कॅन, ओला टॉवेल, छत्री, ह्यांच्या गोळ्या. संत्र्याच्या बागा संपायच्या आतच तापमानाचा काटा चढू लागला. या गाडीत एवढ्या लवकर तो कधीच चढला नव्हता. मध्याच्या पुढे गेला. आणखी थोडा पुढे. माझे तळवे स्टिअरिंगवरून घसरत होते.

"थांबू का?"

"चालव," हे म्हणाले.

काटा क्षणभर थरथरला, खाली आला आणि मध्यावर थांबला. थर्मोस्टॅट उघडला होता. तरी माझी नजर हलेना. आर्वी गेली, ऊन चढलं, मी रस्ता आणि काटा, रस्ता आणि काटा एवढंच बघत होते. खरांगणा मागे पडलं तेव्हा कुठे श्वास सोडला आणि मी म्हणाले, "अहो, पाहिलं का?"



वळून पाहिलं तर ह्यांची मान खिडकीकडे कलंडलेली, तोंड किंचित उघडं. मी हाक मारली. पुन्हा मारली. आर्वीपासून मी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ब्रेक मारला तो भर उन्हात, झाडाचं नाव नसलेल्या जागी. हात त्यांच्या छातीवर ठेवला, पण इंजिन चालूच होतं आणि गाडीच्या थरथरीत खाली काही हलतंय का ते कळेना.

त्यांनी डोळे उघडले. "काऊन थांबली? गाडी तापली काय?"

"नाही."

"मग?"

त्यांनी माझा हात छातीवरून उचलून गिअरवर ठेवला आणि स्वतःचा हात त्यावर तसाच राहू दिला. पहिला गिअर आम्ही दोघांनी मिळून टाकला.