प्लॅस्टिकचे आटे आणि स्टीलचा व्हॉल्व्ह

पंपाखाली सुरेखाताईंनी परात सरकवली, तेव्हा गळती थेंबाथेंबानं होती. मी भोंगवलीत पोचेपर्यंत तिची धार झाली होती. शेडमध्ये आल्याचा असा ठसका भरला होता की दारातच मला शिंक आली.

“काल तुमी पाण्यावर चालवून दाखवलात तवा टिपूस न्हवता, म्याडम,” सुरेखाताई म्हणाल्या. “आज गरम सोडलं आन् रडाया लागला.”

मी आधी पंपाचा स्विच बंद केला, मग पातेल्याची तोटी.

सुरेखाताई घरी जिंजर बिअर करतात. नाव बिअर असलं तरी नशा चढत नाही, नाकात झिणझिण्या तेवढ्या येतात. स्वतःच्या शेतातलं आलं ठेचून साखरेच्या पाण्यात उकळायचं, ते लवकर गार करायचं, लिंबू आणि यीस्ट घालून बाटल्यांत भरायचं. दोन-तीन दिवसांत फेस धरतो. गावातले काहीजण अजून त्यांना “वहिनी, आज किती लिटर गाळली?” असं विचारतात. त्यावर त्या म्हणतात, “तुमची उतरंल एवढी.”

पूर्वी लहान पातेलं असायचं, तांब्यानं काम भागायचं. या वेळी त्यांच्या मुलीची, पल्लवीची, हळद होती. व्याह्यांकडून निरोप आला होता की थंड पेयाच्या बाटल्या आम्हीच आणतो, तुम्ही त्रास घेऊ नका. सुरेखाताईंनी ठणकावून सांगितलं होतं, “माझ्या दारात माझंच पेय.” म्हणून हे भलं मोठं पातेलं, गार पाण्यात बुडवलेलं नळीचं वेटोळं, म्हणजे कॉईल, आणि त्यातून गरम पेय फिरवायला आमचा छोटा पंप. एवढं पेय उघड्यावर आपोआप गार व्हायला ठेवलं, तर त्याला आंबूस वास लागतो. ते आजच गार होऊन बाटल्यांत जायला हवं होतं, नाहीतर हळदीला फेस धरणार नव्हता.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी हिर्डोशीची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली, आणि मेकॅनिकल इंजिनिअर झाले. हे मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. भोर-वेल्ह्यात लहान कारखान्यांचे, डेअऱ्यांचे, घरगुती उद्योगांचे पंप आणि मशिनं बसवून देते.

पंप उघडला. या पंपाचं डोकं, म्हणजे पाणी जिथून जातं तो भाग, उष्णता सहन करणाऱ्या प्लॅस्टिकचं असतं. त्याच्या तोंडावर आटे असतात. नळाला जे वळसे असतात तेच. त्या आट्यांवर स्टीलचा व्हॉल्व्ह चढवायचा. मी भिंग लावलं. आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर होती, अर्ध्या तोंडाला वळसा घातलेली.

आता चीर का पडली? कारणं दोनच. गरम झालं की प्लॅस्टिक स्टीलपेक्षा जास्त फुगतं. बाहेरून स्टीलनं पकडलेलं, आतून फुगणारं. जोड हातानं बसवला असेल तर फुगायला जागा राहते. पान्ह्यानं आवळला असेल तर राहत नाही. दुसरं कारण म्हणजे हे प्लॅस्टिकच खराब आलं असेल, उष्णता सोसत नसेल.

“कुणी पान्हा लावला होता का?” मी विचारलं.

“छ्या! हात बी लावला न्हाई कुणी,” सुरेखाताई म्हणाल्या.

मी व्हॉल्व्ह फिरवून फिरवून बघितला. पान्हा लावला की त्याच्या दातांचे वळ उठतात. स्टील आरशासारखं लख्ख होतं.

नसरापूरला आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

“दुसरं डोकं आहे ना पिशवीत? लाव आणि निघ,” ते म्हणाले.

“एकच आहे सर. कारण कळल्याशिवाय लावलं आणि तेही गेलं, तर?”

“मग कारण विचार त्यांना.”

“विचारलं. कुणी हात लावला नाही म्हणतात.”

“सगळे तेच म्हणतात. माझी बायको मिक्सरबद्दलसुद्धा तेच म्हणते.” आणि फोन बंद.

वळ नाही, म्हणजे पान्हा नाही. मग उरलं खराब प्लॅस्टिक. तसं असेल तर पिशवीतलं डोकंही त्याच पेटीतलं, तेही फुटणार. मग सगळं डोकंच स्टीलचं हवं, आणि ते पुण्याहून आणायचं. मी सुरेखाताईंना स्पष्ट सांगितलं, “ताई, आजचं पातेलं हातचं जाईल. मी खोटी आशा दाखवत नाही.”

त्यांनी पदराला हात पुसले, मोबाईल घेतला. “विहीनबाईंना सांगते, आणा म्हणावं तुमच्या बाटल्या.”

“सुरेखा, फोन ठिव.”

हे तात्या बोलले. सुरेखाताईंचे चुलत सासरे. आयुष्यभर भाटघरकडच्या पाणीयोजनेवर फिटर होते. मी आल्यापासून शेडच्या दाराशी बाजेवर बसले होते आणि चकार शब्द बोलले नव्हते.

“म्या आवळलाय,” ते म्हणाले.

“काय आवळलाय?”

“त्यो व्हॉल. काल सांजच्याला बघितला, तर हातानं हलतोय! म्हनलं, पोरगी शिकलेली हाय, पर मनगाटात जोर न्हाई. उद्या गळंल आन् आपल्या सुरेखाचं हसं हुईल. पान्हा आनला आन् दिला गच्च.”

“पण तात्या, वळ कसा नाही उठला?”

“फडकं गुंडाळलं की. चकचकीत वस्तू, तिला दात लावायचं व्हय?”

मला हसावं की काय करावं कळेना. एवढं नीटनेटकं काम की पुरावाच पुसला गेला.

सुरेखाताईंचा पारा चढला. “अवो तात्या! मगाधरनं हितं बसलाय आन् आत्ता बोलताय? तोंडात काय मिठाची गुळणी धरली हुती?”

“लाज वाटली म्हनून बसलो,” तात्या म्हणाले. “पोरगी माल खराब म्हनाया लागली तवा बसवंना. माल चांगला हाय. हात माझा वाईट.”

“हातही वाईट नाही तात्या,” मी म्हणाले. “लोखंडी पाइपाला तुम्ही केलं तेच बरोबर. हे प्लॅस्टिक आहे.”

पिशवीतलं डोकं काढलं. आट्यांवर गळती अडवणारी टेफ्लॉनची पातळ टेप गुंडाळली, व्हॉल्व्ह ज्या दिशेनं चढतो त्याच दिशेनं, म्हणजे चढवताना ती उलगडत नाही. मग व्हॉल्व्ह तात्यांच्या हातात दिला.

“तुम्हीच चढवा. बोटांनी. अडला की थांबायचं.”

त्यांनी चढवला. अडला. त्यांचा हात सवयीनं पान्ह्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

“एवढंच?”

“एवढंच.”

“हे तर लोनच्याच्या बरनीचं झाकान झालं!”

“तसंच समजा. बरणी काचेची आहे.”

स्टीलचा व्हॉल्व्ह जड असतो, त्याचा भार प्लॅस्टिकवर लटकू नये म्हणून खाली आधार हवा होता. मी वीट शोधत होते. तात्यांनी ती पसंत केली नाही. घरामागून लाकडाचा ठोकळा आणला, तासून व्हॉल्व्हच्या गोलाईला बसेल असा केला. माझ्या विटेपेक्षा तो नक्कीच चांगला होता.

तोटी उघडली, पंप सुरू केला. गरम पेय कॉईलमधून फिरायला लागलं. आम्ही तिघंही त्या जोडाकडे टक लावून उभे. परात कोरडी राहिली. दुसऱ्या टोकाला पेय कोमट, मग गार यायला लागलं, तशी सुरेखाताईंनी लिंबं कापायला घेतली. तात्यांवरचा राग गेला नव्हता. लिंबं मात्र त्यांनाच पिळायला लावली.

हळदीला मीही गेले. विहीणबाईंनी पहिला घोट घेतला, शिंकल्या, आणि ग्लास पुन्हा पुढे केला. सुरेखाताईंनी लांबून माझ्याकडे बघून फक्त भुवई उडवली.

तात्यांचे उपकार मी मानते. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. मी चांगला माल परत पाठवला असता, पातेलं ओतून दिलं असतं, आणि चुकीचं कारण खरं मानून पुढची कामं केली असती. सुनेसमोर, एका पोरीसमोर, आयुष्यभराच्या कामाबद्दल “हात माझा वाईट” म्हणणं सोपं नव्हतं. आट्यांचं गणित मला कॉलेजनं दिलं. त्या दिवशी ते चालवायला खरी माहिती लागली, ती तात्यांनी दिली.

आता पंप बसवून निघताना मी गिऱ्हाइकाला दोन वाक्यं सांगते. एक, हा जोड हातानंच बसवायचा, पान्हा लावायचा नाही. दोन, लावलाच तर मला सांगा, मी ओरडणार नाही. पहिलं वाक्य कुणी ऐकत नाही. पंप वाचतात ते दुसऱ्यामुळे.