काळी बकरी आणि आमचा ट्रेक

केळापूरजवळच्या टेकडीवर ट्रेकला गेलो, तेव्हा पायथ्याशी एक म्हातारी बकऱ्या चारत होती. आमचे बूट, काठ्या, पाठीवरच्या सॅक तिनं डोळ्यांवर हात धरून सावकाश पाहिल्या.

"ढोर हारपलं काय वर?"

"नाही आजी, असंच चढतोय."

तिला आमची दया आली असावी. "असंच कायले जाता? माही काळी बकरी वर गेली हाय. तिले घेऊन येजा."

माथ्यावरून दरी फार सुंदर दिसते म्हणतात. आम्ही काटेरी झुडपंच धुंडाळली आणि बकरी ओढत खाली आणली.

म्हातारीनं आधी बकरीचे पाय तपासले. मग माझ्या लंगडण्याकडे पाहत समाधानानं म्हणाली, "आता चढल्यासारखं चढले तुम्ही."