मानेच्या शिरा आणि मानाच्या खुर्च्या

रक्तवाहिनीत चरबी साचते तसे माझ्याकडे किस्से साचलेत. मुद्दाम कोणी साठवत नाही हो! शनिवार पेठेत माझं सोनोग्राफी सेंटर आहे. साठी ओलांडलेली मंडळी मानेच्या शिरा तपासायला येतात. येताना फाईल एक वेळ विसरतील, हुद्दा विसरत नाहीत.

*

एक निवृत्त अधीक्षक अभियंता. टेबलावर आडवे झाले तरी पदावरच! "मॅडम, रिपोर्टवर नावाखाली हुद्दा येऊ द्या."

"येईल की. पण ब्लॉकेज तेवढंच राहील."

त्यांनी क्षणभर विचार केला. "राहू द्या. हुद्दा येऊ द्या."

*

बाहेर बाकावर दोन शेजारणी. पहिली रडवेली. "आमच्या ह्यांचं चाळीस टक्के निघालं हो!"

दुसरीने पदर सावरला. "चाळीसच? आमच्या ह्यांचं सत्तर! पहिल्यापासून डिस्टिंक्शनवालेच ते."

*

एक माजी मुख्याध्यापिका. रिपोर्ट वाचून कडाडल्या, "मध्यम स्वरूपाचा अडथळा? मध्यम? मी आयुष्यात कुठेच मध्यम नव्हते!"

"बरं, 'गंभीर' लिहू?"

बाई खाली बसल्या. "...मध्यम ठीक आहे."

*

वाघोलीचे एक बागायतदार. जमीन बिल्डरला गेली, सोनं गळ्यात आलं. मानेवर मशीन फिरवायला जागाच नाही! चेन उतरवून पाहिलं, तर शिरेत चांगलाच थर. मग त्यांच्या बायकोची मान पाहिली. बाई अजून पहाटे उठून गोठा सांभाळतात. शिरा एकदम स्वच्छ!

मालकांना झोंबलं. "हिला कसं काय न्हाई? एकाच चुलीचं खातो की आमी!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "खातो एकत्रच. बसायचं काम तेवढं ह्यांच्याकडं हाय."

*

आणि हे मंत्रालयातून निवृत्त झालेले एक मोठे साहेब. साहेब निवृत्त झाले, त्यांचा ड्रायव्हर मारुती मात्र अजून ड्युटीवर. दोघांचेही केस पांढरे.

साहेबांच्या शिरा ठणठणीत निघाल्या. खुशीत येऊन म्हणाले, "याचीही बघून टाका. हल्ली मधूनच चक्कर येते म्हणतो."

पाहिलं, तर मारुतीची उजवी शीर जवळजवळ बंद! मी म्हटलं, "आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात न्या."

साहेब चक्रावले. "याची? अहो, टेन्शन सगळं मी घेतलं! मंत्री मी सांभाळले!"

"हो ना," मारुती शर्टाची बटणं लावत म्हणाला. "तुम्ही मंत्र्यांचं ऐकून घ्यायचात. मग गाडीत येऊन बसायचात. पुढचं मी ऐकून घ्यायचो."

"आणि याला गाडी चालवू देऊ नका," मी बजावलं.

साहेबांनी मारुतीच्या हातातून किल्ली घेतली. मागचं दार उघडून त्याला आत बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी फाटकापर्यंत सोडायला गेले होते. गाडी निघाली आणि पहिल्याच खड्ड्यात धाडकन आदळली.

मागच्या सीटवरून मारुतीचा आवाज आला, "डोळे काय घरी ठेवून आलात, साहेब?"