जुन्या मेमरीला जुळेल असा

"सर, हे गेले..." इक्बालच्या बायकोने, शबानाभाभीने एवढंच म्हटलं आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, कुणीतरी पाणी मागत होतं. मी आर्णीच्या बाजारात, भर दुपारी, भाजीची पिशवी धरून उभा. दोन्ही किडन्या निकामी झालेला माणूस. इक्बाल जाणार हे आम्हाला कळून चुकलं होतं. तरी बातमी आली तेव्हा मला आधी रागच आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. आता काही आठवडे उलटले, पण तो अजून पुरता उतरलेला नाही.

इक्बालचं बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान. डिझाइन तो करायचा, छापून यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून यायचं. आमची ओळख भांडणातून झाली. मी शाळेत मराठी शिकवणारा, पण जन्म बंजारा तांड्यावरचा, घरी आमची गोरबोली; मराठीचा एकेक काना-मात्रा मी कष्टाने कमावलेला. चौकातल्या फ्लेक्सवर 'हार्दीक शुभेच्छ्या' वाचलं आणि तडक दुकानात घुसलो. "कोनं लिहिलं हे? लाज नाही वाटत काय?" इक्बालने खुर्ची पुढे सरकवली. "बसा सर, चहा घ्या. रस्त्यावर उभं राहून फुकट चिडण्यापेक्षा इथं बसून चिडत जा ना." तेव्हापासून, अगदी निवृत्तीनंतरही, माझी संध्याकाळ त्याच खुर्चीत गेली. तो मजकूर लिहायचा, मी चुका काढायचो, आणि मी नसलो की तो मुद्दाम एखादी चूक ठेवून द्यायचा, सर उद्या नक्की येतील म्हणून. असा वस्ताद माणूस!

डायलिसिस सुरू झालं तशी भाभी दुकानात येऊ लागली. तो यवतमाळला दवाखान्यात असला तरी शटर उघडं राहावं म्हणून. ती उर्दू शाळेत शिकलेली. मराठी टायपिंग तिने त्याच्या शेजारी स्टुलावर बसून अक्षर अक्षर करत बोटांत बसवलं. तेही सोपं नव्हतं. दुकानातलं सॉफ्टवेअर जुनं, मराठी फाँट त्याहून जुना. कोणती कळ दाबली की 'क्ष' उमटेल ते त्या फाँटलाच ठाऊक. पुढे दुकान तिलाच चालवायचं होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. आणि नेमका कॉम्प्युटर थकला. मोठी फाइल उघडली की पडद्यावर चक्र फिरत बसायचं, गिऱ्हाईक उठून जायचं, भाभी रडकुंडीला यायची. "मेरे से ही कुछ बिगड़ गया क्या?" मी म्हणालो, नवा घेऊन टाक. इक्बाल म्हणाला, "मेमरी भरपूर हाय सर, मीच वाढवली होती. दमला तो प्रोसेसर."

एकदा डायलिसिस आटोपून आम्ही यवतमाळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. हाताला पट्टी, चेहरा मातीसारखा, तरी याची चौकशी सुरू. काउंटरवाल्याने ताज्यातला ताजा प्रोसेसर दाखवला. इक्बालने पहिला प्रश्न केला, "याले मेमरी कोनती लागते?" डीडीआर फाइव्ह. इक्बालच्या कॉम्प्युटरात होती तिच्या आधीची, डीडीआर फोर. नव्या मेमरीची खाचच वेगळ्या जागी, ती जुन्या बोर्डात बसत नाही. म्हणजे नवी मेमरी, नवा बोर्ड, नवी सिस्टीम. आणि तिच्यावर ते जुनं सॉफ्टवेअर चालेल की नाही, हे काउंटरवालाही छातीठोकपणे सांगेना. इक्बालने तो नवा प्रोसेसर बाजूला सारला आणि आहे त्या बोर्डात बसणारा, आहे त्या मेमरीला जुळेल असा, मागच्या पिढीतला दमदार प्रोसेसर मागितला. मी तापलो. "घ्यायचं तर चांगलं घे ना लेका! जुन्यात जुनं कायले कोंबून राह्यला?"

तो बाकावर टेकला. "अंथरूण पाहून पाय पसरा, तुम्हीच शिकवता ना सर? मेमरी माझं अंथरूण. त्यात मावतील तेवढेच पाय पाह्यजे मले." हसला, मग आवाज खाली आला. "नवी मशीन मी शिकून घेईन हो. पन शबानाले शिकवाले मी राह्यलो पाह्यजे ना... तिच्या बोटांले जे येते, ते तसंच राहू द्या." मी काउंटरवर जाऊन त्याने मागितलेलाच प्रोसेसर बांधून घेतला.

प्रोसेसर त्याने स्वतः बसवला नाही, भाभीकडून बसवून घेतला. तो शेजारी स्टुलावर बसून सांगत होता. "कोपऱ्यातला त्रिकोन जुळव. जोर नको लावू. जुळलं की आपोआप बसते." बटण दाबलं तर पडदा काळाच. भाभीने आमच्या दोघांकडे पाहिलं. तो म्हणाला, "मेमरीची पट्टी हलली असन. काढ, पुन्हा बसव. घाबरतं काहून?" पट्टी कट् आवाज करून बसली आणि पडदा उजळला. सगळं जिथल्या तिथे, नुसतं झपाट्याने उघडणारं. तिने मराठीत आपलं नाव लिहिलं. इक्बाल माझ्याकडे वळला, "पाहा सर, शुद्ध हाय काय?" शुद्ध होतं. त्यानंतर तो फार दिवस काढू शकला नाही.

भाभी सध्या इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. म्हणून मी कॉम्प्युटरच तिच्या घरी नेऊन दिला. काल मी ओसरीवर बसलो होतो, ती आत, दाराच्या पडद्याआड. इक्बालचा मोबाईल वाजला, तिने उचलला. लांबच्या गावचा कुणी माणूस असावा, त्याला काही कळलेलं नव्हतं; 'इक्बालभाई, इक्बालभाई' मला बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. पोरगी पोलिसात लागली म्हणून फ्लेक्स हवा होता. मी उठलो, म्हटलं फोन द्या, मी सांगतो. पण आतून भाभीचा आवाज आला, थोडा कापरा, पण स्पष्ट.

"ते गेले, भाऊ... हाव, खरंच. अल्लाची मर्जी." पलीकडचा माणूस माफी मागत फोन ठेवू लागला. माझे डोळे भरून आले.

"नाही नाही, फोन ठेवू नका. काम मी करते. पोरीचं नाव सांगा."