यंदाचं बँकॉक माझं

आमच्या भागात बँकॉक हे नुसतं शहराचं नाव राहिलेलं नाही, ती गालातल्या गालात हसायची गोष्ट झाली आहे. बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्या कृषी केंद्रवाल्यांना टारगेट देतात आणि ते पूर्ण झालं की थायलंडची सहल. हिवाळा सरता सरता दुकानं थंडावली की उंद्री-चिखलीपासून नांदुऱ्यापर्यंतचे दुकानदार एकसारख्या टोप्या घालून विमानात बसतात. सगळे पुरुष. परत आले की आठवडाभर एकमेकांना कोपर मारून हसतात आणि घरी वाघाच्या चित्राचा बाम आणतात.

उंद्रीतल्या आमच्या दुकानातून माझा नवरा तीनदा जाऊन आला. दर वेळी निघताना तो शटरच्या चाव्या माझ्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "दुकानाकडं ध्यान ठेवजो." जसं काही एरवी माझं ध्यान दुसरीकडेच असतं. दुकानाचा परवाना माझ्या नावावर आहे, कारण शेतकीची पदवी माझी आहे, नवरा बी.ए. कपाशीचं पान पिशवीत घालून आलेला शेतकरी आधी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो, मी पानाकडे बघते आणि औषध सांगते. मग शेतकरी त्याला विचारतो, "भाऊ, बरोबर हाये ना हे?" नवरा मान हलवतो. तेवढं काम तो मनापासून करतो.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारलं, काय पाहिलं?

"बुद्ध पाह्यला. लय मोठा. सोन्यावाणी. झोपेल हाये."

"झोपेल नाही तो," मी म्हणाले.

"मंग काय करून राह्यला?"

"जाऊन राह्यला. शेवटचं पडणं हाये ते."

हे मला ठाऊक होतं, कारण माझं माहेर देऊळघाटचं आणि शाळेत असताना आमची सहल अजिंठ्याला गेली होती. एका लेण्यात भिंतीच्या कडेनं तो आडवा होता. पोरींनी "झोपला, झोपला" म्हणून गलका केला तेव्हा सर म्हणाले, नीट बघा, खाली लोक रडताहेत. झोपलेल्या माणसासाठी कुणी रडतं का? मी बघितलं. दगडाची उशी मला डोक्याच्या भारानं दबल्यासारखी दिसली. सगळा दगडच, आणि तरी मऊ. बाकी पोरी माकडांना फुटाणे टाकायला बाहेर पळाल्या, मी तिथेच उभी राहिले. त्या दिवशी मला रडू आलं होतं, आणि ते घरच्या कुठल्याच रडण्यासारखं नव्हतं.

म्हणून मी नवऱ्याला विचारत सुटले. त्याची उशी कशी आहे? तळव्यांवर शिंपल्यांची नक्षी आहे म्हणतात, ती पाहिली का?

"गर्दी होती," तो म्हणाला. "आम्ही बसपाशी थांबलो. बाहेरून दिसते थोडा."

तीनदा गेला आणि तिन्ही वेळा बसपाशी थांबला. बाकी तिथे काय काय चालतं याच्या गोष्टी कानावर येतातच. पण खरं सांगते, मला त्या गोष्टींचा जेवढा राग आला नाही तेवढा त्या बसचा आला. त्याच आठवड्यात मी पासपोर्टच्या मागे लागले.

यंदा टारगेट पूर्ण झाल्याचं सांगायला कंपनीचे साहेब दुकानात आले. पन्नाशीचे गृहस्थ, दर वर्षी चहा पिऊन जाणारे. "भाऊ, पासपोर्टची कॉपी देऊन ठेवा," ते नवऱ्याला म्हणाले.

"माझी घ्या," मी म्हणाले. "सहल दुकानाच्या प्रोप्रायटरची असते ना? ते मी हाये."

साहेब हसले. मी हसत नाही म्हटल्यावर थांबले. "मॅडम, तिकडं सारे जेंट्स राह्यतात. तुम्हालेच अवघडल्यासारखं होईन."

"मले नाही होत. ज्याले होईन त्यानं घरी थांबावं."

"त्यापेक्षा कंपनीकडून तुम्हाले मोठा फ्रिज देऊ."

"फ्रिज हाये आमच्याकडं. त्यात बुद्ध नाही."

साहेब शेवटी माझीच कॉपी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याच्या एका जुन्या दुकानदाराचा फोन आला. त्यांना मी भाऊजी म्हणते. "वहिनी," ते अगदी काकुळतीनं म्हणाले, "सालभरात एकदाच मोकळं होतो आम्ही."

"व्हा ना मोकळे, भाऊजी. मी देवळात राहीन. तुम्ही तर बसपाशीच थांबता."

सहलीचा जो मोबाईल ग्रुप आहे त्यावर माझं नाव चढलं आणि ग्रुप दोन दिवस सुतकात गेला. एरवी त्यावर काय चालतं ते नवऱ्याचा फोन शोधून द्यायच्या निमित्तानं मी पाहिलेलं आहे. आता तिथे "सुप्रभात" आणि फुलं येतात.

घरात सासूबाईंनी तोंड फिरवलं. "जायाचंच हाये तं काशीले जाय. तो काय आपला देव हाये?" आमच्याकडे अशी सरळ वाटणी झालेली आहे: विठ्ठल आपला, बुद्ध त्यांचा. दोन्ही वस्त्यांची पोरं एकाच शाळेत, कपाशीवरची अळीही एकच, पण देव वाटून घेतलेले. अजिंठ्यात त्याच्या पायाशी उभी होते तेव्हा त्यानं काही मला माझी आळी विचारली नव्हती. मी सासूबाईंना एवढंच म्हणाले, "तुमचा पोरगा तीनदा गेला, तो कोणत्या देवाले गेला होता?" संध्याकाळी गुडघे चोळता चोळता म्हणाल्या, "येतानी बाम आणजो. लाल वाला. पांढऱ्यानं फरक नाही पडत." मी समजले.

राहिला नवरा. दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा तो म्हणाला, "लोकं म्हणतीन, बायको पहाऱ्याले पाठवली."

"पहारा द्यासारखं काय हाये तिथं?"

इतकी वर्षं हा प्रश्न आमच्यामध्ये पडून होता आणि मी त्याला वळसा घालून जात होते. नवरा उठून बियाण्यांच्या पिशव्या सरळ लावायला लागला, त्या सरळच होत्या. मला दुखलं. खूप दुखलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते दुखणं घेऊन घरी बसायचं आणि बुद्धही सोडायचा, हे मला मंजूर नव्हतं.

"मी तुमच्या मागं चौकशीले नाही जाऊन राह्यली," मी म्हणाले. "तुमचं तुमच्यापाशी ठेवा, नाही तं आल्यावर सांगा. मले त्याचे तळवे पाह्याचे हायेत."

त्यानंतर मी तयारीला लागले. देवळात गुडघे-खांदे झाकलेले लागतात, म्हणजे माझ्या साड्यांना अडचण नाही. पहिल्या दिवशी बस बाजारात नेणार आहे. तिथून नदीतल्या होडीनं देवळाच्या धक्क्यावर उतरता येतं, हे मी मोबाईलवर शोधून ठेवलं आहे. टोपी घालणार नाही असं साहेबांना कळवलं. त्यांनी "ओके मॅडम" पाठवलं.

काल बॅग भरत होते तर नवरा दारात येऊन उभा राहिला. "मी येऊ का? आपल्या खर्चानं," तो म्हणाला, आणि मग हळूच, "आत येईन ह्या वेळेस."

मी विरघळले, नाही असं नाही. त्याला होडीत शेजारी बसलेलं पाहिलंही मनात. पण त्याच्यासोबत गेले असते तर मी पुन्हा भाऊंची मिसेस झाले असते, आणि तळवे बघताना अर्धं लक्ष त्याच्याकडे राहिलं असतं. शटरच्या चाव्या खिळ्यावरून काढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

"दुकानाकडं ध्यान ठेवजा."

त्यानं चाव्यांकडे पाहिलं. "अन् एखादा पान घेऊन आला तं?"

"फोटो पाठवजा. सांगीन मी."

"तू देवळात असली तं?"

"तं त्याले म्हणा, बाई देवळात हाये. थांब."