हंबीररावाचा एकच शब्द

इटलीच्या लढाईतनं हंबीरराव जिवंत परत आला म्हणून गावानं हलगी वाजवली. बनुबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नवऱ्याच्या पायांवर पाणी घातलं आणि पाच वर्षांनी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. डाव्या कानशिलावर बोट बसेल एवढा खड्डा होता आणि उजवा हात लुळा लोंबत होता. हंबीररावानं ओठ हलवले, कपाळावर शिरा ताणल्या आणि साऱ्या गावादेखत तो म्हणाला, "शालू."

शालूबाई म्हणजे त्याच्या मामाची मुलगी. बाप लवकर गेल्यानं तो आजोळी वाढला. तिथं दोघं एकत्र खेळली, लग्नही त्यांचंच व्हायचं. पण मानपानावरनं हंबीररावाची आई आणि मामा या बहीणभावात बिनसलं आणि हंबीररावाला बनुबाई सांगून आली. शालूला दिली तीही याच गावात, दोन गल्ल्या पलीकडं. बनुबाईनं आठ वर्षं हे गिळलं होतं. आता गिळवेना.

पाणी हवं तर "शालू". भाकरी हवी तर "शालू". बैल सुटला तरी "शालू". बनुबाई तांब्या असा आदळायची की सासूच्या, अंबूबाईच्या, हातातली जपमाळ थांबायची.

"पाच वरसं वाट बघितली मी," ती सासूला म्हणाली. "गोळीनं सगळं पुसलं, आन् ती भवानी तेवढी शिल्लक ऱ्हायली!"

शेवटी सांगलीला लष्करातनं निवृत्त झालेले एक डॉक्टर होते, त्यांच्याकडं ती नवऱ्याला गाडीत घालून घेऊन गेली. डॉक्टर बापटांनी हंबीररावाला डोळे मिटायला सांगितले, त्यानं मिटले. कान धर म्हटलं, धरला.

"याला सगळं समजतंय," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर बोट टेकवून दाखवलं. "हे पुढचं, डावीकडचं, बोलण्याचं ठिकाण. तिथं इजा झालीय. ऐकलेलं समजायचं ते मागं, कानाच्या वर. ते शाबूत आहे. बघण्याचं पार मागं, आणि त्याच्याखाली मानेजवळ तोल सांभाळायचं. हातापायांचे मज्जातंतू मानेपाशी बाजू बदलतात, म्हणून जखम डावीकडं आणि हात उजवा गेला."

बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. "आन् बायकू कुठं असती ह्यात?"

डॉक्टर हसले नाहीत. "कुठल्या एका जागी नसते, बाई."

"मग त्यास्नी शालूच कशी गावली?"

"लहानपणी हजारदा घेतलेला शब्द असा अडकून राहतो. कधी जखम होताना तोंडाशी असलेलाही राहतो. तो मनातलं सांगत नसतो. तुमचं नाव त्यांनी किती वेळा घेतलंय?"

"एकदा. लग्नात, उखाण्यात." घरात 'अगं ए' म्हटलं की तिनं यायचं, हीच रीत होती.

डॉक्टरांनी एक उपाय सांगितला. गाणं बरंचसं उजवीकडच्या मेंदूच्या जोरावर चालतं, तो भाग धड आहे. लहानपणची गाणी म्हणून घ्या, चालीबरोबर शब्द येतील. पण परतीच्या वाटेवर बनुबाईच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. गोळी लागली तेव्हा त्याच्या तोंडाशी शालू होती! डॉक्टरनं दोन कारणं सांगितली होती. तिनं नेमकं जळायला सोयीचं उचललं.

महिनाभर तिनं नवऱ्याला जात्याशी बसवून ओव्या म्हटल्या. तो नुसता बघत राही. पुरुषाच्या तोंडात ओव्या कुठनं येणार? त्याची गाणी मोटेची. मामाच्या विहिरीवर तो बैल हाकत गायचा आणि खाली पाटात उभं राहून वाफ्यांना पाणी देणारी शालू गाण्याचा शेवट उचलायची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बनुबाईला सगळ्यांत जास्त. तरी ती महिनाभर गप्प बसली. त्याचं बोलणं दुसरीच्या गळ्यातनं यावं, यापेक्षा तो मुका बरा, असं तिला खरंच वाटत होतं.

मग एके सकाळी हंबीररावाच्या पोटात कळ आली. कुठं दुखतंय ते सांगता येईना. "शालू, शालू," म्हणत त्यानं डाव्या हातानं स्वतःचंच तोंड बडवून घेतलं. ते बनुबाईला बघवलं नाही. ती तशीच दोन गल्ल्या चालत गेली.

"शालूआक्का, ह्यास्नी मोटंची गानी म्हनून दाव."

शालूचे हात पिठात होते. "बनू, तुला चालंल?"

"न्हाई चालत. तरी ये."

शालू रोज दुपारी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं चाल धरली आणि हंबीररावाच्या तोंडून "पानी" बाहेर पडलं. मग "बैल", मग आख्खी ओळ. तो हसला. बनुबाई सोप्यात बसून निवडलेलेच जोंधळे पुन्हा निवडत होती. शालू मधेच हाक मारी, "बनू, पानी आन गं. बनू, हितं बस की." त्या घरात तिला नावानं हाक मारणारी तेवढी एकच. सासूची ती 'पोरी' आणि गावाची 'हंबीररावाची बायकू'. वैरिणीच्याच तोंडी आपलं नाव राहावं, याचाही तिला संताप येई.

दिवाळीनंतर एके दुपारी शालू आली नाही. हंबीरराव सोप्यात बसून होता. समोर अंबूबाई, शेजारच्या दोघी. तो घसा खाकरून म्हणाला, "बनूऽऽ."

अंबूबाईनं जीभ चावली. शेजारणींनी तोंडाला पदर लावला. बनुबाई चुलीपुढनं उठली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पण शेवटच्या अक्षरावरचा तो हेल, ते लांबवणं, हुबेहूब शालूचं होतं.

ती नवऱ्यासमोर मांडी घालून बसली. "आवं, पुन्यांदा म्हना. जरा सरळ म्हना."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, जीव खाऊन प्रयत्न केला. पुन्हा शालूच्याच चालीत आलं, "बनूऽऽ."

"व्हय," बनुबाई म्हणाली, "हितंच हाय मी."