घोंगडीखालचा वर्ग

आमच्या सरांइतका अदबशीर माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, असं मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त ही अदब माणसांच्या वाट्याला फारशी येत नसे. ती सगळी घोड्यांसाठी राखून ठेवलेली होती. आम्हाला ते ‘ए लांबड्या’, ‘ए चष्मा’ अशा हाका मारत, आणि घोडीपुढं गेले की छातीवर हात ठेवून, जरासं वाकून म्हणत, "इजाजत है, बेगमसाहिबा?" ती कान हलवेपर्यंत ते हातात मोजा चढवत नसत. पुण्याहून शिकायला आलेल्या एका डॉक्टरांनी एकदा विचारलं, "सर, तिला मराठी नाही का समजत?" सर गंभीरपणे म्हणाले, "समजतं. पण निजामाच्या मुलखातली हाय. मराठीत इचारलं की हुकूम दिल्यासारखं वाटतं तिला."

घोडीच्या गर्भाशयाची सोनोग्राफी कशी करायची, हे सर पशुवैद्यकांना शिकवत. फळ्यावर नाही, प्रत्यक्ष. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवायचा, मुठीत सोनोग्राफीचा प्रोब धरायचा, मागून हात आत न्यायचा आणि पडद्यावर काय दिसतं ते सांगायचं. मी पशुवैद्यकीय कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे सिल्लोडहून आईचा फोन आला की आज काय शिकलास ते सांगावं लागे, आणि मला ते धड सांगता येत नसे. "घोडीचं पोट बघितलं," एवढंच मी म्हणायचो. वडिलांनी मात्र गावभर सांगून ठेवलं होतं, "पोरगं घोडीच्या आतला टीव्ही बघतंय." त्यांचं फारसं चुकलेलं नव्हतं.

सरांचं म्हणणं असं, की आधी बोटं शिकतात, डोळे नंतर. म्हणून सुरुवातीला घोडी दाखवायचेच नाहीत. गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या जाड कापडाची एक थैली होती. तिच्यात बोरं, द्राक्षं, लिंबं घातलेली असत. आत हात घालायचा आणि हाताला लागेल त्याचं माप मिलिमीटरमध्ये सांगायचं. घोडीचं बीज अंडाशयात पाण्याच्या फुग्यात वाढतं आणि फुग्याचं लिंबू झालं की समजायचं, वेळ आली. माप चुकलं तर ते फळ तिथंच खायचं, असा नियम होता. त्या उन्हाळ्यात मी लई लिंबं खाल्ली. सरांना तर या मापाचं वेडच लागलं होतं. एका लग्नात जेवायला बसलो असताना त्यांनी ताटातला गुलाबजाम उचलला, डोळे मिटून दोन बोटांत फिरवला आणि वाढप्याला म्हणाले, "बत्तीस. अजून तयार नाय. उद्या परत दाखव." वाढपी त्यानंतर आमच्या रांगेकडं फिरकला नाही.

त्यांचा तबेला शहराबाहेर, शेंद्र्याकडं जाणाऱ्या रस्त्याला होता. त्यांनी जागा घेतली तेव्हा तिथं कोल्हे ओरडत म्हणे. आता तिन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड आणि चौथ्या बाजूला चार मजल्यांची नवी सोसायटी उभी होती. दुष्काळाचं वर्ष. झाडाला पान नव्हतं, आणि ऊन असं पडायचं की मशीनच्या पडद्यावर आपल्याच तोंडाशिवाय काही दिसत नसे. घोडी उभी करायचा लोखंडी खोडा उघड्यावर होता, कारण बंद जागेत बेगमसाहिबांचा जीव गुदमरतो. आमचा गुदमरला तर चालत होता. सरांनी काळी घोंगडी आणली. तिच्याखाली मशीन, सर आणि दोन-तीन डॉक्टर, आणि त्यातल्या एकाचा हात बाहेर, घोडीच्या आत. हे सगळं मे महिन्यात! वर्ग संपला की हात धुवायला एकच बादली, कारण टँकरचा भरवसा नाही. तिच्यात वयाच्या क्रमानं हात धुवायचे. मी सगळ्यात लहान होतो. माझी पाळी येईपर्यंत त्या पाण्याचा काढा झालेला असे.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं बिजली आली. रऊफभाईंची, वरातीची पांढरी घोडी. दुष्काळामुळं लग्नं वरातीशिवायच उरकत होती, आणि चारा लांबून आणावा लागत होता. रऊफभाईंच्या थोरल्या भावानं सांगूनच टाकलं होतं, यंदा घोडी गाभण राहिली तर ठेवू, नाहीतर विकू. गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं होतं. रऊफभाई रोज येऊन तिच्या मानेवर हात फिरवत आणि आमच्याकडं बघत. परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखे.

घोडा दाखवून पंधरा दिवसांनी ज्या दिवशी बिजलीची तपासणी होती, नेमके त्याच दिवशी हवालदार आले. घोंगडीखाली लपून सोनोग्राफी चालते, असं सोसायटीतल्या कुणीतरी कळवलं होतं. मुलगा की मुलगी सांगणं गुन्हा असल्यामुळं त्यांना येणं भागच होतं.

"मशीन कुणाचं हे?"

घोंगडीतून सरांचा आवाज आला, "हळू बोला. पेशंट बिचकते."

"पेशंट कुठंय?"

"तुमच्या उजव्या हाताला. जरा मागं सरा, लाथ मारते."

हवालदारांनी आधी घोडीकडं पाहिलं, मग तिच्यापासून घोंगडीपर्यंत गेलेल्या माझ्या हाताकडं पाहिलं. पण वही उघडलेली होती.

"नाव?"

"बिजली."

"नवऱ्याचं?"

"राजस्थानकडला हाय. कामापुरता आला व्हता."

सोसायटीच्या गॅलऱ्यांमधून हशा पिकला. हवालदारही हसले, टोपी काढली आणि खात्री करायला म्हणून घोंगडीत शिरले. आत घामाची आंघोळ चाललेली. सर म्हणाले, "बघा सायेब, काळा गोल थेंब दिसला की गाभण." मी प्रोब हळूच फिरवला. हवालदार पडद्याला नाक लावून ओरडले, "दोन हायत की ओ! दोन!"

बाहेर रऊफभाईंनी ते ऐकलं आणि घोंगडीसकट आम्हाला मिठी मारली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. हसत नव्हते ते फक्त सर.

ते घोंगडी बाजूला करून म्हणाले, "रऊफभाई, घोडी को जुडवां नहीं झेपते. दोनों रखे तो दोनों जाएंगे, शायद ये भी. एक आजच काढना पडेगा."

रऊफभाईंचा चेहरा उतरला. "एक निकाला और दूसरा भी चला गया तो?"

"वो भी हो सकता. मैं झूट नहीं बोलूंगा."

रऊफभाई बराच वेळ बिजलीच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. मग आमच्याकडं न बघताच म्हणाले, "करो."

सरांनी स्वतःच्या फावड्यासारख्या पंजाकडं पाहिलं. "लांबड्या, तुझा हात बारीक हाय. तू कर."

"सर, मला नाही जमणार."

"जमंल. माझ्याशी नको बोलू, तिच्याशी बोल."

मला उर्दू येत नव्हती. मी आमच्या सिल्लोडच्याच बोलीत म्हणालो, "माय, जरा दम धर." धाकटा थेंब बोटांनी हळूहळू दुसऱ्यापासून दूर नेला, गर्भाशयाच्या टोकाशी, आणि दाबला. बोटांना काहीतरी अगदी बारीक फुटल्याचं कळलं. पडद्यावर एकच थेंब राहिला. त्या दिवशी बादलीत पहिल्यांदा हात मी धुवावेत म्हणून सरांनी सगळ्यांना थांबवलं.

पुढचे काही दिवस आख्खी सोसायटी आमची झाली. काकू वरून विचारायच्या, "बिजलीनं खाल्लं का?" हवालदार ड्यूटीवर जाता जाता डोकावायचे. सरांनी मात्र खोड्यावर एक पाटी लटकवली होती: ‘इथं शिंगरू नर की मादी हे सांगितलं जात नाही.’ पण ती वाचून हसायला रऊफभाईंना जमत नव्हतं. त्यांचा भाऊ गिऱ्हाइकाला घेऊन येऊन बिजलीचे दात बघून गेला होता.

पुन्हा तपासणीची वेळ आली तेव्हा रऊफभाई घोंगडीखाली माझ्या शेजारी होते. त्या थेंबाच्या कडेला राखाडी ठिपका, आणि ठिपक्यात काहीतरी लुकलुकत होतं. भराभर, न थांबता. सर म्हणाले, "दिल है." रऊफभाई बघत राहिले. पडद्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "और दूसरा किधर गया, डॉक्टर?"

मला वाटलं, आता सर काहीतरी गमतीचं बोलतील. ते म्हणाले, "कहीं नहीं गया. माँ ने वापस ले लिया."

शिंगरू झालं तेव्हा मी नोकरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. नंतर एकदा गावी जाताना आमची बस शहरातच एका वरातीमुळं अडली. बिजलीवर नवरदेव, पुढं डीजे, नाचणारी पोरं. बिजलीच्या शेपटीला लागून लांब पायांचं शिंगरू, कानात कापूस कोंबलेलं, आणि त्याच्या एका अंगाला सर. लग्न कुणाचं हे त्यांना ठाऊक नसणार, नवरदेवाकडं त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. शिंगराच्या चालीनं चालत होते, ते थांबलं की थांबत होते. शिंगराच्या दुसऱ्या अंगाला आणखी एका शिंगरापुरती जागा मोकळी होती. नाचता नाचता कुणी तिथं शिरलं की सर त्याला हातानं हळूच बाजूला करत होते.

उतरावं, हाक मारावी असं फार वाटलं. मी बसच्या दारापर्यंत गेलोही. पण त्या गर्दीत हाक मारून काय म्हणू, हे ठरेना, आणि तेवढ्यात रस्ता मोकळा झाला.